पाहुण्यांसाठी वेगळं घर

“तिकीट काढून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावायचं! मला तर लाज वाटली,” वहिनी म्हणाल्या.

“पण ते स्वयंपाकघर कुणाचंच नव्हतं ना? मग लाज कसली?” मास्तरांनी विचारलं.

जुहूच्या वाळूत सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींत हा वाद पेटला आणि बरेच दिवस पुरला. वहिनी जुहू-पार्ले स्कीममधल्या. मुलगा न्यू जर्सीत, एडिसनला. मास्तर जुहू कोळीवाड्यातले, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले की फिरवण्याची यादी ठरलेली असते: नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, वॉशिंग्टन, ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर आणि एखाद्या शनिवारी पेनसिल्वेनियातलं लँकेस्टर. लँकेस्टर हा अमिश लोकांचा मुलुख. घोडागाडीतून फिरणारे, घरात विजेची तार न घेणारे, साध्या एकरंगी कपड्यांतले हे लोक. १६९३ मध्ये याकोब अम्मान नावाच्या धर्मपुढाऱ्याच्या मागे स्वित्झर्लंड-अल्सासकडचा एक गट आपल्या पंथापासून फुटून निघाला, त्याचे हे वारस. युरोपात छळ झाला म्हणून अठराव्या शतकात ते पेनसिल्वेनियात आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेमतेम पाचेक हजार होते, आज चार लाखांच्या घरात आहेत. त्यांचं जगणं समजावून सांगणारी पर्यटनस्थळं लँकेस्टरमध्ये कधीपासून आहेत. ‘अमिश फार्म अँड हाऊस’ १९५५ पासून चालू आहे. वहिनी गेल्या होत्या ‘अमिश व्हिलेज’ला. तिथे एक जुनं शेतघर, एका वर्गाची शाळा, लोहाराचा भाता आणि गोठा एका आवारात बघायला मिळतात.

वहिनी : आत शिरलं की बैठकीच्या खोलीत नुसती बाकं मांडलेली. त्यांना चर्चची वेगळी इमारत नसते, एक रविवार सोडून कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. मग स्वयंपाकघर. फ्रीज होता, पण गॅसवरचा. दिवाही गॅसचाच. खाली लाकडी कपाटात टाकी आणि कपाटाला चाकं, म्हणजे या खोलीतून त्या खोलीत ढकलत न्यायचा. वरच्या खोलीत भिंतीभर खुंट्या आणि त्यांवर बायकांचे झगे, हिरवे, निळे, जांभळे. नक्षी नाही, बटणं नाहीत, बंद करायला टाचण्या. गाईड मुलगी छान सांगत होती, पण ती स्वतः अमिश नव्हती. मला सारखं वाटत होतं, घरची माणसं जरा बाहेर गेलीत आणि आपण त्यांच्या माघारी कपाटं उघडतोय.

मास्तर : घरची माणसं बाहेर गेलेली नाहीत वहिनी, ती तिथे राहतच नाहीत. ती आपल्या शेतावर, आपल्या खऱ्या घरात दार लावून आहेत. वर्षाला लाखो माणसं लँकेस्टरला जातात. त्यांची हौस कुठेतरी जिरायला नको? ती त्या एका घरात जिरते. नाहीतर लोकांनी खऱ्या घरांच्या खिडक्यांना नाकं लावली असती. आमच्या गल्लीत या रविवारी. हेरिटेज वॉक म्हणे! मुलं-मुली कॅमेरे घेऊन येतात. वलांडीवर बोंबील वाळत घातलेले दिसले की खूश. आमच्या घरातली बाई ओट्यावर मासे साफ करत बसली असेल तर दोन हातांच्या अंतरावर उभं राहून फोटो काढतात, न विचारता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणी असं एक पाहुण्यांसाठीचं घर बांधत असेल तर पहिली वीट मी देतो.

वहिनी : म्हणजे तुम्हाला नुसता पडदा हवाय.

मास्तर : पडदाच. खोटं घर खऱ्या घराची राखण करतं.

(मास्तरांचं हे म्हणणं मला तेव्हा चमत्कारिक वाटलं होतं. पण लँकेस्टरचा इतिहास त्यांच्या बाजूने बोलतो. १९५५ मध्येच ‘प्लेन अँड फॅन्सी’ हे अमिशांवरचं संगीत नाटक ब्रॉडवेवर आलं आणि पाहुण्यांची रीघ लागली. १९८५ मध्ये हॅरिसन फोर्डचा ‘विटनेस’ आला, तोही तिथेच चित्रित झालेला. या लोकांना स्वतःची जाहिरात नको होती, ती दुसऱ्यांनीच केली. गर्दी येणारच होती, प्रश्न एवढाच होता की ती कुठे थांबवायची.)

वहिनी : पण गर्दी तिथे थांबत नाही ना. घर बघून झालं की बसमधून शेतांतल्या रस्त्यांवर नेतात. गाईड सांगते, चेहऱ्याचे फोटो काढू नका, त्यांच्या धर्मात ते बसत नाही. आणि हे सांगून होईतो बसमधले निम्मे फोन वर गेलेले असतात. एक मुलगा रस्त्याने चालला होता, पायाने ढकलायची स्कूटर घेऊन. तिथल्या अमिशांना सायकल चालत नाही, ही चालते. त्याने बस बघितली आणि टोपी पुढे ओढली. मी मुलाला म्हटलं, बाबा रे, पुढच्या वेळी मला आऊटलेट मॉलला ने.

मास्तर : बस कुठे थांबली?

वहिनी : एका शेतावर. बाईने टेबल मांडलं होतं. लोणची, जॅम, घरची रूट बिअर, काकवीचा पाय. शू-फ्लाय पाय म्हणतात त्याला. मी दोन बरण्या घेतल्या.

मास्तर : पैसे कुणाकडे गेले?

वहिनी : त्या बाईकडे.

मास्तर : आणि रविवारी ते टेबल असतं का?

वहिनी : नाही. रविवारी बंद.

मास्तर : झालं तर! वार तिने ठरवला, भाव तिने ठरवला, टेबल रस्त्यापासून किती आत मांडायचं हे तिने ठरवलं. तुम्ही बघ्या होतात तिथपर्यंत ठीक, पण टेबलाशी आलात की गिऱ्हाईक झालात. बघ्याशी आमचं वैर आहे, गिऱ्हाइकाशी नाही.

वहिनी : तुम्ही फार लवकर समाधान मानता. लोणचं विकायला अमिश बाई आहे, पण तिच्याबद्दल सांगायला कोण? पगारी गाईड. आणि ती काय सांगते? गोड तेवढं सांगते. रजया, घोडे, कोठार जळलं तर सगळा गाव मिळून नवं उभं करतो. सगळं खरं आहे. पण मुलं आठवीनंतर शाळा सोडतात, हे तिने असं सांगितलं जसं काही त्यांना सुट्टीच मिळते. घरी आल्यावर मी वाचून काढलं. विस्कॉन्सिन राज्याने अमिश पालकांना दंड केला, कारण त्यांनी मुलांना आठवीपुढे पाठवायला नकार दिला. खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७२ मध्ये पालक जिंकले. धर्मस्वातंत्र्य! त्या निकालात एकच न्यायमूर्ती, विल्यम डग्लस, वेगळा सूर लावतात. ते विचारतात, पालकांचं ऐकलंत, मुलांना विचारलंत का? एखाद्याला पियानो वाजवायचा असेल, अंतराळवीर व्हायचं असेल. त्या शाळेच्या बाकावर बसून मला हाच प्रश्न पडला होता. कायद्याच्या भाषेत तो कुणीतरी आधीच विचारून ठेवलाय.

मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मास्तर हाडाचे शिक्षक. वहिनींनी वर्मावर बोट ठेवलं होतं.

मास्तर : आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदा कुठपर्यंत आहे, सांगा बघू? सहा ते चौदा वर्षं. आठवी. पुढची हमी आपणही देत नाही. मी पालिकेच्या शाळेत होतो. शाळा सातवीला संपायची. हुशार मुली, वहिनी, पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. त्या सातवीनंतर आईबरोबर माशांची पाटी घेऊन बाजारात बसल्या. त्यांच्यासाठी कुणी कोर्टात गेलं नाही, कुणी वेगळा सूर लावला नाही. अमिश मुलांचं आठवीत थांबणं हा निदान ठरवून घेतलेला निर्णय आहे. त्यामागे काम आहे. शेत आहे, सुतारकाम आहे, रजया आहेत. शाळा संपली की रस्त्यावर असं नाही.

वहिनी : ठरवला कुणी? मोठ्यांनी.

मास्तर : मोठ्यांनीच. पण त्यांच्यात बाप्तिस्मा लहानपणी होत नाही. अठरा-वीस वर्षांचं झाल्यावर माणूस स्वतः सांगतो, मला यात राहायचंय. नको असेल तर जा.

वहिनी : आठवी शिकून कुठे जायचं? आणि बाप्तिस्मा घेऊन मग सोडलं तर? एका पंगतीला बसवत नाहीत. आई मुलासाठी वेगळं टेबल मांडते. हे त्या शेतघरात दाखवत नाहीत. ते वेगळं टेबल मांडा ना तिथे, मग मी म्हणेन की हे शिकवतात.

या मुद्द्यावर मी वहिनींच्या बाजूचा आहे. शिकवण्याचं तिकीट घ्यायचं असेल तर अवघड धडाही शिकवायला हवा. दहातली आठ-नऊ अमिश मुलं पंथातच राहतात. त्यामागे समाधान किती आणि दुसरी वाट नसणं किती, हा प्रश्न पाहुण्याच्या मनात निर्माण झाला नाही तर त्याने फक्त सहल केली.

पण पुढे मास्तरांनी जे काढलं त्यावर वहिनींकडेही उत्तर नव्हतं.

मास्तर : निकेल माइन्स हे नाव ऐकलंत का तिकडे?

वहिनी : मुलाने गाडीत सांगितलं. २ ऑक्टोबर २००६. एक माणूस अमिशांच्या एका खोलीच्या शाळेत शिरला, मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली गेल्या. आणि त्याच संध्याकाळी अमिश माणसं मारणाऱ्याच्या घरी गेली, त्याच्या बायकोला धीर द्यायला. त्याने स्वतःलाही संपवलं होतं ना.

मास्तर : ते सगळं जग सांगतं. मी पुढचं सांगतो. दहा दिवसांनी त्यांनी ती शाळा पाडली. पहाटे अंधारात यंत्र लावून. तिथे कुरण केलं. नवी शाळा दुसरीकडे बांधली आणि तिचं नाव ठेवलं न्यू होप. जुन्या जागेवर पाटी नाही, दगड नाही, तिकीट नाही. विचार करा, जगभरचे कॅमेरे आलेले होते. ती शाळा ठेवली असती तर आज लँकेस्टरमधली सगळ्यात जास्त गर्दीची जागा तीच असती. त्यांनी ठरवलं, हे बघायला मिळणार नाही. म्हणून म्हणतो, पर्यटकांना टेबलापर्यंत येऊ दिलं ते भोळेपणाने नाही. काय द्यायचं आणि काय नाही, हे त्यांना नीट कळतं.

(वहिनी यावर काही बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं नव्हतंच.)

पुढे विषय महाराष्ट्रात आला तो वहिनींमुळे. कोल्हापूरजवळ कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय बऱ्याच वाचकांनी पाहिलं असेल. ज्येष्ठ नागरिकांची सहल महालक्ष्मीला गेली की कणेरी आलंच. उघड्यावर अख्खं गाव उभं केलंय: लोहार, सुतार, कुंभार, न्हावी, चांभार, कासार, वैद्य, नांगरणी, मळणी, विहीर, सगळे माणसाच्या मापाचे पुतळे आणि पुतळे इतके हुबेहूब की पोरं हात लावून बघतात.

वहिनी : लँकेस्टरला मला कणेरी आठवलं. तिथेही असंच गोजिरं वाटतं. प्रत्येक जण आपल्या कामात गर्क आणि प्रसन्न. गावाला बाहेरून काही लागत नव्हतं, सगळं गावातच मिळायचं, असं वाटावं. आमच्या बरोबरच्या एक बाई म्हणाल्या, किती सुंदर होतं ना सगळं! मी म्हटलं, कुणाला? त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ चं. त्यात बलुत्याचे हिशेब आहेत, भांडणं आहेत, मानपानाचे तंटे आहेत. आणि डॉक्टर आंबेडकर १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये संविधान सभेत खेड्यांबद्दल काय बोलले! खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर, असाच त्यांचा सूर होता. महार वतन ही गुलामगिरी आहे म्हणून ते १९२८ पासून विधेयक मांडत होते. कायदा व्हायला १९५८ उजाडलं. पुतळ्यांना हे काही बोलता येत नाही.

मास्तर : हे मात्र मान्य. आणि फरकही इथेच आहे. बलुतेदाराला अठराव्या वर्षी कुणी विचारलं नव्हतं, यात राहतोस का म्हणून. अमिशांना निदान विचारतात. शिवाय ते जिवंत आहेत. त्यांच्याबद्दल खोटं सांगितलं तर शेजारच्या शेतातून त्यांना ते ऐकू जातं. कणेरीच्या गावातलं कुणी येऊन म्हणणार नाही की बाबांनो, माझा पुतळा हसरा का केलात?

वहिनी : मग तुमच्या त्या खोट्या घरात काय मांडाल?

मास्तर : नऊवारी नेसलेली कोळीण आणि टोपलीतली पापलेटं नक्की नाही. ते सिनेमाने दाखवून झालं. वेसाव्याला सी-फूड महोत्सव भरतो, तिथे आमच्या बायका दागिने घालून कोळंबी तळतात, नाच होतो, मजा येते. तो त्यांचा स्वतःचा आहे, त्यामुळे माझी तक्रार नाही. पण मी घर बांधलं तर पहिल्या खोलीत दोन जाळी टांगीन. एक सुताचं, एक नायलॉनचं. दुसऱ्या खोलीत होडीचं इंजिन आणि त्याच्या शेजारी कर्जाची वही. अमिश लोक यंत्राला नाही म्हणत नाहीत, वहिनी. विचारतात. त्यांच्या गोठ्यात दूध थंड करायची टाकी असते, डिझेलवर चालते. दुकानात हवेच्या दाबावर चालणारी करवत असते. फोनसुद्धा असतो, फक्त शेताच्या कडेला खोपटात, म्हणजे जेवताना वाजत नाही. नवं काही आलं की तीसेक कुटुंबांची मंडळी बसते आणि विचार करते, याने आपण एकत्र राहू की पांगू? आमच्याकडेही जमात होती. डोल जाळ्याच्या जागा कुणाच्या, भांडण कसं मिटवायचं, सगळं जमात ठरवायची. पण इंजिन आलं, ट्रॉलर आले, पर्ससीनची अवाढव्य जाळी आली, तेव्हा जमातीत कुणी विचारलं नाही की हे आलं तर मासा उरेल का. सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले २०१६ मध्ये. तोवर समुद्र खरवडून झाला होता.

वहिनी : गांधीजी विचारत होते की. १९२४ मध्ये आजारपणानंतर ते इथेच जुहूला येऊन राहिले होते, समुद्रावरच्या बंगल्यात. त्याच वर्षी त्यांना कुणी विचारलं, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात का? ते म्हणाले, शिवणयंत्राला माझी हरकत नाही. सिंगरने ते केलं बायकोचे कष्ट वाचावेत म्हणून.

मास्तर : मग गांधीजी लँकेस्टरला शोभले असते!

वहिनी : आणि आंबेडकरांनी तिथल्या मुलींना नववीत घातलं असतं.

दोघेही हसले आणि वाद तिथे मिटेल असं वाटलं. पण मास्तरांनी समुद्राकडे हात केला. वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचं काम चालू आहे आणि त्याचा एक जोडरस्ता जुहू कोळीवाड्याशी उतरायचा आहे.

मास्तर : आता माझं शेवटचं ऐका. मी म्हटलं ना, पहिली वीट देतो. पण एक अट आहे. लँकेस्टरच्या त्या घराला अर्थ आहे कारण त्याच्या भोवती खरी शेतं आहेत आणि त्यांत खरी माणसं राबतायत. आमची होडी लावायची जागा गेली, वाळवणाची जागा गेली, कोळीवाड्यांच्या सीमा कागदावर रेंगाळत राहिल्या आणि मग कुणी येऊन म्हणालं की मास्तर, आता इथे छानसं कोळी संग्रहालय करू, तर ती वीट मी त्याच्या डोक्यात घालीन.

वहिनी : आणि मी साक्षीला येईन. पण तुमच्या त्या घरात सातवीनंतर पाटी घेऊन बसलेल्या मुलींची एक खोली हवी. त्यांच्या वह्या मांडा. पाढे, मोत्यासारखं अक्षर, सगळं.

मास्तर : त्या वह्या माझ्याकडे आहेत.

माझं मत विचाराल तर मास्तरांची अट आणि वहिनींची खोली, या दोन्ही गोष्टी असतील तरच कुठल्याही समाजाचं असं प्रदर्शनघर बांधावं. लँकेस्टरला पहिली गोष्ट आहे, दुसरी कमी पडते. कणेरीला पुतळे उत्तम आहेत, पण दोन्ही गोष्टी मला सापडल्या नाहीत. जुहूला अजून घरच नाही. बांधलं तर ते जमातीने बांधावं, पालिकेने फक्त जागा आणि पाणी द्यावं.

तोवर एवढं करता येईल. मुलं अमेरिकेत असतील आणि लँकेस्टरला नेणार असतील तर जरूर जा. घर बघा, शाळा बघा, गाईडला आठवीनंतरचं विचारा. बसमधून फोन वर करू नका. शेताच्या कडेला टेबल दिसलं तर उतरून काहीतरी विकत घ्या. रविवारी जाऊ नका, टेबलं बंद असतात. आणि जुहू कोळीवाड्यात शिरलात तर ओट्यावर बसलेल्या बाईला आधी विचारा, मग फोटो काढा. नाही म्हणाली तर मासे घ्या आणि निघा.